तीसच्या पुढे सगळं सारखं नसतं

उन्हाळा तोंडावर आला की आरोग्य पुरवण्यांत, त्वचारोगतज्ज्ञांच्या मुलाखतींत आणि ट्रेकला निघणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एसपीएफ ३० पुरे. त्यापुढे ५० घ्या नाहीतर १००, फरक एका टक्क्याचा. बाकी सगळी कंपन्यांची लूट." वाक्य सुटसुटीत आहे, त्यात आकडा आहे, शिवाय कंपन्यांना एक चपराकही आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं आणि सांगणाऱ्याला पैसे वाचवून दिल्याचं समाधान मिळतं. दिवसभर कचेरीत बसून दुपारी जेवणापुरतं बाहेर पडणाऱ्या सावळ्या माणसाला हा सल्ला खपून जाईल. पण ज्याची कातडी गोरी आहे, रापत नाही, नुसती लाल होते आणि दोन दिवसांनी सोलवटते, आणि ज्याला सहा-सात तास उघड्या उन्हात काढायचे आहेत, त्याला हे सांगणं चूक आहे. त्याचं अंग त्या सल्ल्यामुळे भाजतं. हे वाक्य जाणती माणसंही बिनदिक्कत उच्चारतात, म्हणून त्याचा सविस्तर समाचार घ्यायला हवा.

आधी त्या एका टक्क्याचा हिशेब पाहू. प्रयोगशाळेत एसपीएफ ३० चं मलम त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं, ५० चं ९८ टक्के, १०० चं ९९ टक्के. हे आकडे खरे आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते चुकीच्या बाजूचा आकडा पुढे करण्याशी. कातडी भाजते ती आत शिरलेल्या किरणांनी. ३० च्या मलमातून ३.३ टक्के किरण आत जातात, ५० च्या मलमातून २ टक्के, १०० च्या मलमातून १ टक्का. म्हणजे तेवढ्याच उन्हात ३० लावणाऱ्याच्या कातडीवर ५० लावणाऱ्याच्या दीडपटीहून जास्त मारा होतो आणि १०० लावणाऱ्याच्या तिपटीहून जास्त. कोकणात भर पावसात कौलं गळायला लागली तर छपराने किती पाऊस अडवला हे कोणी सांगत बसत नाही. खाली किती पातेली मांडावी लागली ते सांगतात. सनस्क्रीनच्या बाबतीत मात्र भले भले लोक अडलेल्या पावसाची टक्केवारी सांगतात आणि तिलाच विज्ञान म्हणतात.

हा दीडपट-तिपटीचा फरक कुणाला जाणवतो आणि कुणाला नाही, हे कातडीवर अवलंबून आहे. १९७९ साली अमेरिकेत कैदबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या बाह्यत्वचेतून किती किरण आरपार जातात ते मोजलं. काळ्या त्वचेचं अंगभूत संरक्षण १३.४ पट भरलं, गोऱ्या त्वचेचं ३.४ पट. काळ्यासावळ्या माणसाने घरून निघतानाच एक थर अंगावर चढवलेला असतो. गोऱ्या माणसाला सगळी भिस्त नळीतल्या मलमावर ठेवावी लागते. त्याची भाजण्याची मर्यादाच इतकी जवळ असते की आत शिरणाऱ्या किरणांतला थोडासा फरकसुद्धा संध्याकाळी आरशात दिसतो. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये त्वचेचे जे प्रकार पाडले, त्यांतला पहिला प्रकार म्हणजे 'नेहमी भाजते, कधीच रापत नाही'. या प्रकारच्या माणसाला आणि चौथ्या-पाचव्या प्रकारच्या माणसाला एकच आकडा सांगून मोकळं होणं हा आळस आहे.

आता जरा खोलात जाऊ, कारण खरा घोटाळा पुढेच आहे. डबीवरचा एसपीएफ ठरतो कसा? किमान दहा माणसं घेतात. त्यांच्या पाठीवर चौकोन आखतात. काही चौकोन उघडे ठेवतात, काहींवर मलम लावतात, तेही बोटाने अंदाजे फासून नव्हे, तर तोलून-मापून, दर चौरस सेंटिमीटरला बरोबर २ मिलिग्रॅम. मग सूर्यासारखा प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली वाढत्या मात्रा देतात आणि दुसऱ्या दिवशी पाहतात की कुठला चौकोन किती मात्रेला जेमतेम लाल झाला. मलमाखालच्या कातडीला लाल व्हायला उघड्या कातडीच्या जितक्या पट मात्रा लागते, तितका एसपीएफ. या सगळ्यात माणूस आडवा पडलेला असतो. त्याला घाम येत नाही, सॅकचा पट्टा खांद्यावर घासत नाही, तो बाहीने नाक पुसत नाही.

आणि दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम म्हणजे किती? चेहरा आणि मान एवढ्यासाठीच तर्जनी आणि मधलं बोट अशा दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत मलमाच्या दोन भरगच्च रेघा. चड्डी-बनियनवर असलेल्या मोठ्या माणसाच्या सगळ्या उघड्या अंगाला ३० ते ३५ मिलिलिटर. आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळणारी नेहमीची ट्यूब ५० ग्रॅमची असते. नियमाने लावली तर समुद्रावरच्या एका दिवसात ती संपायला हवी. ती आपल्या घरी अख्खा उन्हाळा पुरते. यावरूनच आपण किती लावतो ते उघड होतं.

हे फक्त आपलंच नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात नॅम्बोर नावाचं गाव आहे. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेत घडलेली कातडी घेऊन आलेल्या लोकांचे वंशज तिथे कर्कवृत्ताच्या तोडीच्या उन्हात राहतात, आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण ऑस्ट्रेलियात जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. या गावातल्या १६२१ लोकांवर १९९२ पासून साडेचार वर्षं एक चाचणी झाली. निम्म्यांना फुकट सनस्क्रीन दिलं आणि रोज सकाळी डोकं, मान, हात यांना लावायला सांगितलं. बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. चाचणीतली माणसं म्हणजे सांगितलेलं ऐकणारी माणसं. मलम फुकट, बाटल्यांचं वजन ठरावीक काळाने होणार हे माहीत. तरीही त्यांनी प्रत्यक्षात लावलेला थर मोजला तेव्हा मध्यक निघाला दर चौरस सेंटिमीटरला ०.७९ मिलिग्रॅम. म्हणजे प्रयोगशाळेतल्या थराच्या निम्म्याहूनही कमी.

थर पातळ झाला की एसपीएफ झपाट्याने उतरतो. निम्मा थर लावला तर संरक्षण निम्म्यावर येतं, कधी त्याच्याही खाली जातं. म्हणून '३० पुरे' म्हणणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात १० ते १५ पडतात. ५० वाल्याच्या हातात २० ते २५. एका टक्क्याचा फरक सांगणारा माणूस जी तुलना करतो ती पाठीवरच्या चौकोनातली. डोंगरावर, होडीत, मैदानावर जी तुलना होते ती वेगळ्याच पायरीवर होते, आणि तिथे आत शिरणाऱ्या किरणांचा फरक एका टक्क्याचा राहत नाही, तीन-चार टक्क्यांचा होतो.

याची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या व्हेल या बर्फावरच्या खेळांच्या ठिकाणी, अडीच हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर, १९९ जणांना दोन-दोन ट्यूब दिल्या. एक ५०+ ची, एक १००+ ची. कोणती कुठली ते लावणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. चेहऱ्याच्या आणि मानेच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. नेहमी लावता तसंच लावा, एवढंच सांगितलं. सरासरी सहा तास ते उन्हात होते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ५५ टक्के लोकांची ५० ची बाजू जास्त भाजलेली होती. १०० ची बाजू जास्त भाजलेले फक्त ५ टक्के. चेहरा तोच, ऊन तेच, माणूस तोच, लावण्याची सवयही तीच. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पाच दिवसांची अशीच चाचणी झाली आणि तिथेही कौल त्याच बाजूने पडला.

या चाचण्यांना सनस्क्रीन बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, हे मी लपवणार नाही. तो आक्षेप योग्य आहे आणि कंपनीच्या पैशातून झालेल्या प्रत्येक अभ्यासाकडे संशयाने बघावंच. पण संशय घ्यायचा तर तो चाचणीच्या रचनेवर घ्यावा लागतो. एकाच माणसाच्या दोन गालांची तुलना, दोन्हीकडून आंधळी परीक्षा, आणि निकाल म्हणजे डोळ्यांना दिसणारी लाली. यात कुठे हातचलाखी झाली ते दाखवा. 'पैसा कंपनीचा' एवढं म्हणून जे लोक हा अभ्यास झटकतात, तेच ९७ आणि ९८ चे आकडे मात्र निःशंकपणे वापरतात. ते आकडेही याच धंद्याच्या प्रयोगशाळांमधल्या पद्धतीतून आलेले आहेत.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेतो, कारण तो टाळून वाद जिंकण्यात अर्थ नाही. मुद्दा असा : आकडा मोठा असला की माणूस निर्धास्त होतो आणि उन्हात जास्त वेळ काढतो, त्यामुळे फायदा उरतच नाही. याला आधार आहे. फिलिप ऑतिए आणि सहकाऱ्यांनी सुट्टीवर निघालेल्या ८७ फ्रेंच आणि स्विस तरुण-तरुणींना न सांगता कुणाला एसपीएफ १०, कुणाला ३० दिलं. १९९९ मध्ये निकाल आला. ३० वाल्यांनी एकूण उन्हात १० वाल्यांपेक्षा सुमारे चौथा हिस्सा जास्त वेळ घालवला, आणि भाजण्यात फरक पडला नाही. चाचणी उत्तम होती. मी ती मानते.

पण ही मुलं करत काय होती ते पाहा. ती वाळूवर पडून रंग चढवत होती. त्यांचं घड्याळ त्यांची कातडीच होती. चुरचुरायला लागलं की उठायचं. मलमाने चुरचुर लांबवली, म्हणून ती जास्त वेळ पडून राहिली. ऑतिए यांनी स्वतःच मुद्दाम ऊन खाणं आणि कामाच्या ओघात ऊन लागणं या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. राजगडाहून तोरण्याला निघालेला माणूस ऊन खायला निघालेला नसतो. धारेवर पाऊल ठेवलं की पुढचे काही तास सावली नाही, मग नळीवर काहीही छापलेलं असो. मालवणच्या समुद्रात जाळं टाकणारा, आझाद मैदानावर दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या सत्रात क्षेत्ररक्षण करणारा, रस्त्याचं मोजमाप करणारा अभियंता, शेतात कांदा काढणारी बाई, यांपैकी कुणाचाही उन्हातला वेळ एसपीएफवर ठरत नाही. वेळ कामाने ठरलेला आहे. अशा माणसाला मोठा आकडा मिळाला की त्याला पडणारा मारा कमीच होतो. पुळणीवर लोळणाऱ्यांवरचा निष्कर्ष या माणसांच्या डोक्यावर मारणं हा सरळसरळ अन्याय आहे.

क्रिकेटमधून याची दोन उदाहरणं देते, दोन्ही सर्वांच्या परिचयाची. रिची बेनॉ यांनी २०१४ मध्ये सांगितलं की कपाळावरच्या आणि टाळूवरच्या त्वचेच्या कर्करोगासाठी त्यांच्यावर किरणोपचार सुरू आहेत. तरुणपणी ते बिनटोपीने खेळले, कारण त्यांचे आदर्श कीथ मिलर टोपी घालत नसत. पुढच्याच वर्षी ते गेले. मायकेल क्लार्कच्या चेहऱ्यावरून २००६ पासून त्वचेचे कर्करोग काढत आले आहेत; २०२५ मध्ये नाकावरचा आणखी एक काढला आणि त्याने स्वतःच तो फोटो लोकांपुढे ठेवून तपासणी करून घ्यायला सांगितलं. ही माणसं रंग चढवायला मैदानात उतरली नव्हती. खेळ चालू होता, म्हणून ती उन्हात होती.

नॅम्बोरकडे परत येऊ, कारण विरोधी बाजू ते गाव आपल्या बाजूनेही उभं करते. त्या चाचणीत वापरलेलं मलम एसपीएफ १६ चं होतं. त्याने स्क्वेमस सेल प्रकारचे कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी घटले. चाचणी संपल्यावर आणखी दहा वर्षं माग काढला, तर रोज लावणाऱ्यांत ११ जणांना नवा मेलॅनोमा झाला आणि मर्जीवर सोडलेल्यांत २२ जणांना. मग विचारतात, १६ ने एवढं साधलं तर ५० कशाला? प्रश्न रास्त वाटतो, पण उत्तर त्याच चाचणीत आहे. १६ ने ४० टक्के घटवले, म्हणजे ६० टक्के उरले. बेसल सेल प्रकारच्या कर्करोगांत तर लक्षणीय फरकच दिसला नाही. या चाचणीने सिद्ध झालं ते एवढंच की रोजच्या रोज लावण्याला पर्याय नाही. अधिक ताकदीचं मलम तेवढंच नियमाने लावलं तर काय झालं असतं, हे तिने तपासलेलंच नाही. नव्वदच्या दशकात हाताशी असलेल्या मलमावर आजची कमाल मर्यादा ठरवायची कशासाठी?

सरकारंच आकड्याला आळा घालतात, असंही सांगतात. युरोपात डबीवर '५०+' च्या वर लिहिता येत नाही, ऑस्ट्रेलियातही नाही. खरं आहे. पण तो आळा ३० वर नाही, हे सोयीस्करपणे गाळलं जातं. '५०+' लिहायला मोजलेला आकडा किमान ६० भरावा लागतो. आणि ऑस्ट्रेलियात २०१२ पर्यंत मर्यादा '३०+' च होती. त्वचेच्या कर्करोगाचा ज्या देशाला सर्वांत जास्त अनुभव, त्याने ती मुद्दाम वाढवून '५०+' केली.

मग शेवटचा बाण येतो : डबीवरचे आकडे मुळात खोटेच असतात. इथे मात्र विरोधकांच्या हाताला खरंच काही लागलेलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'चॉइस' या ग्राहक संस्थेने बाजारातली २० सनस्क्रीन तपासून घेतली. त्यांपैकी १६ सनस्क्रीनचा आकडा डबीवरच्या आकड्याइतका भरला नाही. ५०+ लिहिलेल्या एकाचा तर अवघा ४ निघाला. देशभर गदारोळ झाला, काही उत्पादनं बाजारातून मागे घेतली गेली. ज्या देशात सनस्क्रीन हे औषधासारखं नियंत्रित होतं, तिथली ही अवस्था. आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधनाच्या कायद्याखाली येतं, पावडर-लिपस्टिकच्या शेजारी. तिथे असं असेल तर इथे डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी स्थिती नाही, हे मी मान्य करते. पण यातून 'मग ३० घ्या' हे कसं निघतं? लेबलात खोट असण्याची शक्यता असेल तर गोऱ्या माणसाला जास्त राखीव हवी, कमी नव्हे. ५०+ घेतलं आणि ३० निघालं तर निभावतं. ३० घेतलं आणि १२ निघालं तर त्याने काय करायचं? चीड यायची तर ती आपल्याकडे अशी जाहीर, नावानिशी, स्वतंत्र तपासणी नियमाने होत नाही याची यावी. त्या मागणीसाठी आवाज उठवला तर मी पुढे उभी राहीन.

आता आपल्या माणसांचा लाडका मुद्दा. "हे सगळं गोऱ्या साहेबांचं. आपल्याला काय गरज?" आपण म्हणजे कोण? महाराष्ट्रात आणि गोव्यात माणसांच्या कातडीचे रंग एकाच डब्यात बसत नाहीत. घारी-गोरी, नाकावर बारीक ठिपके असलेली, लग्नाच्या वरातीत तासभर चालली तरी लाल होणारी माणसं कितीतरी घरांत आहेत. ज्यांच्या अंगावर कोडाचे पट्टे आहेत, त्यांच्या त्या पट्ट्यांत रंगद्रव्य शिल्लकच नसतं. बाकीचं अंग सावळं असलं तरी तेवढी जागा पहिल्या प्रकारच्या कातडीसारखी भाजते. आणि जन्मतः वर्णहीन असलेली माणसं तर आहेतच, गावोगाव आहेत, शेतावर कामाला जातात, बाजारात उघड्यावर बसतात. त्यांना सनस्क्रीन म्हणजे चैन नाही. टांझानियात मोशी इथल्या प्रादेशिक त्वचारोग प्रशिक्षण केंद्रात वर्णहीन लोकांसाठी 'किलीसन' नावाचं सनस्क्रीन तिथेच बनवून फुकट वाटतात, कारण ते न लावणाऱ्यांना तिशीच्या आतबाहेर त्वचेचा कर्करोग गाठतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या आरोग्य सल्ल्यांत हा वर्ग गृहीतच धरलेला नसतो. 'भारतीय त्वचेला एवढं लागत नाही' असं म्हणताना ही माणसं भारतीयांतून वगळली जातात, आणि याचा मला खरोखर संताप येतो.

हिमाचलातल्या सार पासच्या वाटेवर आमच्या गटात अशीच एक मुलगी होती, कोथरूडची. गोरीपान, पिंगट केसांची. मे महिना, चार हजार मीटरच्या वरचा खिंडीचा दिवस, पायाखाली बर्फ. उंची दर हजार मीटरला अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढवते आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत उलटे फेकतो. तिच्याजवळ ३० ची छोटी ट्यूब होती, सूचनापत्रात लिहिली होती तीच, आणि ती तिने तंबूतल्या मैत्रिणींत वाटून घेतली होती. कपाळ आणि गाल तिने व्यवस्थित झाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हनुवटीच्या खालची कातडी, नाकपुड्यांची आतली कड आणि कानामागची जागा सुजून लाल झाली होती. खालचा ओठ फुटून त्यावर पाणी भरलेले फोड. बर्फावरून ऊन खालून वर येतं, त्यामुळे जिथे कधी कोणी मलम लावत नाही तिथेच ती भाजली. चहाचा कप ओठाला लावताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. गटातली सावळी मुलं तशाच ट्यूबवर नुसती काळवंडली. सल्ला सगळ्यांना एकच मिळाला होता.

'रसायनं नकोत, नारळाचं तेल लावा' या दुसऱ्या टोकाच्या सल्ल्यावर फार शाई खर्च करत नाही. तेलाला एसपीएफ ७-८ असल्याचा जो दाखला फिरतो, तो २०१० च्या एका भारतीय अभ्यासातून उचललेला आहे, आणि त्यात तेल अल्कोहोलमध्ये मिसळून यंत्रात मोजलं होतं, माणसाच्या अंगावर नव्हे. तेल केसांना लावा.

मग गोऱ्या, दिवसभर उन्हात असणाऱ्या माणसाने घ्यायचं काय? ५०+, आणि डबीवर यूव्हीए संरक्षण स्पष्ट लिहिलेलं असावं, कारण एसपीएफ मुख्यतः लाली आणणाऱ्या यूव्हीबी किरणांचं माप आहे. यूव्हीए खोलवर जातात आणि त्यांची लाली लगेच दिसत नाही. युरोपातल्या डब्यांवर यूव्हीए अक्षरं वर्तुळात छापलेली असतात. त्याचा अर्थ यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे. जपानी पद्धतीच्या 'पीए' पुढे अधिकची (+) चिन्हं जितकी जास्त तितकं बरं. आपल्या बाजारात ही खूण सर्रास मिळते. घाम येणार असेल तर पाण्यात टिकणारं हवं, आणि घाम पुसला की ते परत लावायचं, मग डबीवर किती का मिनिटं लिहिलेली असेनात. झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम आणि पारदर्शक जेल यांतलं काय, हा वाद मला गौण वाटतो. डोळ्यांत झोंबत नाही आणि भरपूर थापायला जीव कचरत नाही, ते चांगलं. नाक, ओठ, कानाच्या पाळ्या आणि गालांची हाडं यांसाठी काडीच्या रूपातलं जाड मलम सॅकच्या वरच्या कप्प्यात असावं. बर्फावर जायचं असेल तर हनुवटीखाली आणि नाकाच्या टोकाखालीही.

आणि हो, मलमाच्या आधी कपडे. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून गाजलेल्या मोहिमेतही क्रम तोच होता : शर्ट चढवा, मलम फासा, टोपी घाला. लांब बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट घामाने उतरत नाही आणि त्याचा थर कोणी चोरून पातळ करत नाही. मोठ्या आकड्याचं समर्थन करताना मी कपड्यांना सुट्टी देत नाही. कपडे जे झाकू शकत नाहीत त्या चेहऱ्यापुरतं आणि हातांपुरतं हे सगळं भांडण आहे.

किंमत हा मात्र खरा अडसर आहे, त्याला मी उत्तर देऊ शकत नाही. ५० ग्रॅमची चांगली ट्यूब पाचशेच्या घरात जाते आणि माणूस ती वाटाण्याएवढी लावतो, यात त्याचा दोष नाही. ऑस्ट्रेलियात सनस्क्रीनवर वस्तू व सेवा कर लागत नाही आणि लिटरच्या पंपाच्या बाटल्या दुकानांत सहज मिळतात. घरातले, क्लबातले सगळे त्यातून सढळ हाताने घेतात. आपल्याकडे गिर्यारोहण संस्था आणि ट्रेक नेणारे गट एकत्र येऊन अशा मोठ्या बाटल्यांची मागणी नोंदवू शकतात. पंधरा-वीस जणांच्या गटाला एक बाटली, ती लीडरच्या सॅकमध्ये, आणि पहाटे निघताना एकदा, मग प्रत्येक मोठ्या थांब्यावर पाण्याच्या बाटलीबरोबर ती सगळ्यांच्या हातांतून फिरवायची.

तोवर त्यांनी एवढं तरी करावं. सामानाच्या यादीतून 'सनस्क्रीन, एसपीएफ ३०, छोटी ट्यूब' ही ओळ काढून टाकावी. तिच्या जागी लिहावं : 'सनस्क्रीन ५०+, पाण्यात टिकणारं, यूव्हीए संरक्षण असलेलं. प्रत्येकाची स्वतंत्र ट्यूब, किमान १०० ग्रॅम. ज्यांची त्वचा उन्हात लाल होते किंवा ज्यांना कोड आहे, त्यांनी नाव नोंदवतानाच तसं कळवावं.'